पाणी कोणाला, पीक कोणते : हवामान अनुकूलनाच्या निर्णयांत गावाचा वाटा

छत्तीसगडमधील दुर्ग आणि भिलाई ही जोडशहरे शिवनाथ नदीच्या आश्रयाने वाढली आहेत. मोहन नगरसारख्या शहरी वस्तीतील नळ असो वा काठावरच्या गावातील भाजीपाल्याचा मळा असो, दोहोंची भिस्त या एकाच नदीवर आहे. याच नदीवर, बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी, १९९८ मध्ये एक करार झाला. छत्तीसगड तेव्हा मध्य प्रदेशाचाच भाग होते. बंधारा बांधून उद्योगांना पाणी विकण्याचे काम २२ वर्षांसाठी एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले आणि नदीपात्राचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा त्या व्यवस्थेखाली गेला. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर पंप बसविणारे शेतकरी, मासेमारी करणारे केवट, पात्रात कलिंगड-काकडीच्या वाड्या लावणारी कुटुंबे यांना या कराराची खबर लागली ती बंधने आल्यानंतर. पुढे आंदोलन उभे राहिले, प्रकरण देशभर गाजले आणि २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने करार रद्द करण्याची शिफारस केली.

त्या करारात ‘हवामान बदल’ हा शब्द कोठेही नव्हता. त्या काळी तो जिल्हा पातळीवर फारसा उच्चारलाही जात नसे. तरीही आज ज्याला हवामान अनुकूलन म्हटले जाते त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. पाणी कमी पडेल तेव्हा प्रथम हक्क कोणाचा, मागे कोणी सरायचे आणि हे ठरवायचे कोणी? ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. असे महिने पुन्हा येणार, त्यांच्यामागून दोन दिवसांत महिन्याचा पाऊस पाडणारी वृष्टीही येणार. अशा वेळी निर्णय घ्यावेच लागतात. गावाने ते घेतले नाहीत तर ज्याचा पंप मोठा किंवा ज्याची बोअर खोल तो गावाच्या वतीने ते घेऊन टाकतो.

सहीपुरता सहभाग

लोकसहभाग हा शब्द शासकीय कागदपत्रांत इतका रुळला आहे की त्याचा अर्थच पुसट झाला आहे. पाणलोट कार्यक्रमांत श्रमदान किंवा लोकवर्गणी म्हणजे सहभाग, ठिबक संचासाठी लाभार्थी हिस्सा भरणे म्हणजे सहभाग, आणि ग्रामसभेच्या ठरावावर पुरेशा सह्या झाल्या की तोही सहभागच. कामाची यादी बहुधा आधी तयार असते. अमुक नाल्यावर सिमेंट बंधारा, तमुक गटात शेततळे, इतके मीटर समतल चर. ग्रामसभेने मान डोलवायची असते. बंधाऱ्याला नको म्हणणारा माणूस कोणत्याही गावात सापडत नाही, आणि म्हणूनच अशा सभेत निर्णय असा काही होतच नाही. ज्या प्रश्नावर कोणालाच काही सोडावे लागत नाही, त्यावर एकमत होणे सोपे असते.

खरा निर्णय पाणी साठविल्यानंतर सुरू होतो. मराठवाड्यात आणि नगर-नाशिकच्या कोरडवाहू भागांत गेल्या दशकात अस्तरीकरण केलेली शेततळी मोठ्या संख्येने झाली. कल्पना होती पावसाचे वाहून जाणारे पाणी अडविण्याची. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही तळी विहिरी व बोअरचे पाणी उपसून भरली गेली. जमिनीखाली सर्वांच्या वाट्याचे असलेले पाणी वर येऊन एकाच्या कुंपणात बंदिस्त झाले. उघड्या पृष्ठभागावरून वर्षाकाठी दीड-दोन मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन जाते ते वेगळेच. ज्याचे तळे आहे त्याच्यासाठी हे उत्तम अनुकूलन होय. खालच्या अंगाला ज्याची विहीर जानेवारीत कोरडी पडते त्याच्यासाठी मात्र तो दुष्काळच. एकाचे अनुकूलन दुसऱ्याचे संकट ठरू नये, एवढ्यासाठी तरी निर्णय चावडीवर यायला हवा.

हिवरे बाजारचा ताळेबंद

शिवनाथच्या करारात गावांना वगळून पाण्याचे वाटप झाले. त्याच्या नेमके उलट उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे आहे. ते पुष्कळदा सांगितले जाते. पण त्यातील सर्वांत शिकण्याजोगा भाग पुष्कळदा सुटतो.

गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, सरासरी पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. डोंगर उघडे पडले, मजुरीसाठी स्थलांतर वाढले. १९८९ मध्ये पोपटराव पवार यांच्याकडे गावाची सूत्रे आली आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत निवडले गेले. चर, बांध, नालाबंडिंग ही कामे झाली. यात वेगळे असे काही नव्हते. अशी कामे राज्यात हजारो गावांत झाली आहेत. वेगळे होते ते कामांच्या जोडीने गावाने स्वतःवर घालून घेतलेले निर्बंध. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, म्हणजे डोंगरावर जनावरे सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यायचे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही. ऊस आणि केळी ही पिके लावायची नाहीत. गावातील जमीन बाहेरच्या माणसाला विकायची नाही. चराईबंदीचा परिणाम चाऱ्यावर लवकर दिसला. १९९४-९५ च्या सुमारास गावाला डोंगरातून सुमारे १०० टन गवत मिळे. २००१-०२ पर्यंत ते ६,००० टनांच्या घरात गेल्याची नोंद आहे. दूध वाढले ते त्यामागोमाग.

पाणी वाढले, तेव्हा गावापुढे नवा प्रश्न आला. वाढलेल्या पाण्यावर वाढीव पिके आली की काही वर्षांत पहिल्यासारखीच टंचाई येते. अनेक यशस्वी पाणलोट गावांची हीच कहाणी आहे. हिवरे बाजारने या शतकाच्या पहिल्या दशकापासून भूजल यंत्रणेच्या मदतीने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्यास सुरुवात केली. पर्जन्यमापकावर पावसाची नोंद घ्यायची, निवडक निरीक्षण विहिरींची पातळी मोजायची, पावसाळा संपल्यावर उपलब्ध पाण्याचा अंदाज ग्रामसभेत मांडायचा, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी प्रथम बाजूला काढायचे आणि उरलेल्यात रब्बीचे कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यायचे ते ठरवायचे. पाऊस चांगला असेल तर गहू, कांदा, भाजीपाला. कमी असेल तर हरभरा, ज्वारी, चारा. उन्हाळी पीक घ्यायचे की नाही हेही तिथेच ठरायचे. म्हणजे पावसाचा आकडा हा गावाच्या पेरणीचा आदेश झाला.

येथे एक शंका प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. हे गाव तीन दशके एका समर्थ नेतृत्वाभोवती उभे आहे. असे नेतृत्व नसलेल्या गावात ऊसबंदीचा ठराव कोण मांडणार आणि मोडणाऱ्याला कोण अडविणार? शिवाय चराईबंदीचा पहिला भार शेळ्या पाळणाऱ्या अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबावर पडतो, बागायतदारावर नव्हे. हिवरे बाजारची नक्कल करताना गावे बंधारे उचलतात आणि बंद्या सोडून देतात. काही ठिकाणी बंद्या उचलतात आणि त्यांचा भार कोणावर पडतो हे पाहत नाहीत. पहिल्या चुकीत पाणी टिकत नाही. दुसऱ्या चुकीत गाव दुभंगते.

आकडा मांडला की वाद योग्य जागी येतो

विस्तार कार्यकर्त्याने ग्रामसभेत ताळेबंद कसा मांडावा, हे एका काल्पनिक गावाच्या हिशेबावरून पाहू. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. हजार घनमीटरला गावात आता ‘टीसीएम’ म्हणूनच ओळखतात. गावाचे क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर एकूण ४,००० टीसीएम पाणी शिवारात पडले. हा आकडा ऐकून सभा नेहमी सुखावते. मग त्यातून काय उरते ते सांगावे. मोठा भाग बाष्प होऊन आणि खरिपाच्या पिकांतून जातो, काही वाहून जातो. जमिनीत मुरणारा हिस्सा खडकाच्या जातीवर अवलंबून असतो. येथे तो दहा टक्के, म्हणजे ४०० टीसीएम धरू. त्यातून नैसर्गिकरीत्या ओढ्याला पाझरून जाणारे ४७ टीसीएम वजा करू. २,००० लोकसंख्येला दरडोई दररोज ५५ लिटरप्रमाणे वर्षाला सुमारे ४० टीसीएम लागतात, ६०० मोठ्या जनावरांना दररोज ६० लिटरप्रमाणे सुमारे १३. उरले ३००. बंधारे व तलावात साठलेले ६० मिळवले की रब्बी व उन्हाळ्यासाठी ३६० टीसीएम हाती राहतात.

आता पिकांकडे वळावे. हरभऱ्याला सहा सेंटिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या तर हेक्टरी १.२ टीसीएम पाणी लागते. गव्हाला साधारण ४० सेंटिमीटर, म्हणजे ४ टीसीएम. पाटपाण्यावरच्या उसाला २०० सेंटिमीटर धरले तर २० टीसीएम. म्हणजे तेच ३६० टीसीएम पाणी ३०० हेक्टर हरभरा भिजवेल, नाहीतर ९० हेक्टर गहू, नाहीतर अवघा १८ हेक्टर ऊस. ठिबकने उसाचे पाणी निम्म्यावर आणले तरी ३६ हेक्टर. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की सभेतील बोलणे बदलते. तोवर ‘पाणी कमी आहे’ असे सगळेच म्हणत असतात; आता ‘कोणाच्या पिकासाठी कमी आहे’ असा प्रश्न येतो. वाद होतो. तो व्हावाच. तो टाळण्यासाठी आकडे गुळगुळीत करून सांगणारा कार्यकर्ता गावाचे काम सोपे करीत नाही, पुढे ढकलतो.

या मांडणीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली अशी की पाऊस तीस टक्के घटला म्हणजे भूजलात तीस टक्केच घट होईल असे नाही. तहानलेली माती आपला वाटा आधी घेते, मगच पाणी खाली उतरते. म्हणून कमी पावसाच्या वर्षी पुनर्भरण पावसापेक्षा अधिक वेगाने घटते. उलट एकाच दिवशी कोसळलेल्या शंभर मिलिमीटरपैकी बरेचसे वाहून जाते, त्यामुळे सरासरी गाठली गेली तरी विहिरी भरतीलच असे नाही. म्हणूनच पावसाच्या आकड्यासोबत विहिरींची पातळी मोजणे आवश्यक ठरते. दुसरी गोष्ट अशी की ही मोजणी गावातल्याच माणसांनी करावी. गटाच्या दोन तरुणांनी, शाळेतल्या मुलांनी किंवा बचत गटातील महिलांनी महिन्यातून एकदा ठरावीक विहिरींत फीत सोडून पातळी वहीत उतरवली तर त्या आकड्यावर गाव विश्वास ठेवते. कार्यालयातून आलेला आकडा कितीही अचूक असला, तरी ज्याला तो गैरसोयीचा आहे तो त्याला खोटा ठरविण्याची वाट शोधतोच. स्वतःच्या पुतण्याने मोजलेल्या विहिरीबाबत ते तितके सोपे नसते.

सभेची वेळही निर्णायक असते. रब्बीचे बियाणे घरात येऊन पडल्यावर घेतलेला पीकनिर्णय हा निर्णय नसतो. सप्टेंबर संपता संपता पातळी मोजून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सभा झाली तर हाती काही राहते. महिलांना यायचे असेल तर सकाळी स्वयंपाकाच्या किंवा पाणी भरण्याच्या वेळेला दवंडी देऊन उपयोग नाही. मेंढपाळ त्या काळात बाहेर असतील तर त्यांचे म्हणणे आधी विचारून लिहून आणावे.

जमिनीप्रमाणे वाटा की माणसांप्रमाणे?

ताळेबंद सांगतो की पाणी किती आहे. ते कोणाचे आहे हे सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्वांत धीट उत्तर दिले ते पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायतीने. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानाची ओसाड जमीन भाडेपट्ट्याने घेऊन काम सुरू केले आणि ग्राम गौरव प्रतिष्ठानमार्फत सामूहिक उपसा सिंचन योजनांचा प्रयोग अनेक गावांत नेला. पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, आणि एका कुटुंबाला कमाल अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस नाही. लाभार्थींनी खर्चाचा पाचवा हिस्सा स्वतः उचलायचा.

या नियमांमागे सरळ हिशेब होता. दहा एकरांच्या धन्याने दहाही एकर बागायत करण्याचा आग्रह सोडला, तरच चार कुटुंबांच्या अर्ध्या-अर्ध्या एकराला पाणी पोहोचते आणि दुष्काळी वर्षी ती कुटुंबे गाव सोडत नाहीत. पाणी पंचायतीच्या सर्व योजना पुढे टिकल्या असे नाही. वीजबिल, पंपांची दुरुस्ती आणि बागायतीची वाढती हाव यांनी अनेक योजनांना ग्रासले. पण ‘कमाल मर्यादा’ ही कल्पना आजच्या प्रत्येक पाणी अंदाजपत्रकाला उपयोगी आहे. गावात एकूण ९० हेक्टर गहू, एवढेच ठरले तर तो गहू कोणाच्या शेतात याचा निर्णय पंपाची शक्ती करील. कुटुंबागणिक कमाल किती, हे त्याच सभेत ठरले तर अल्पभूधारकाला त्या सभेत पुन्हा येण्याचे कारण मिळते.

कायद्याचा आधार मर्यादित आहे, पण नाही असे नाही. भूजल जमिनीच्या मालकाचे, ही समजूत १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून रुजलेली. ‘महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९’ हा २०१४ पासून अमलात आला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणि अधिसूचित क्षेत्रात उपलब्ध पाण्यावर आधारित पीक आराखड्याची तरतूद आहे. अंमलबजावणी मात्र दुबळी राहिली. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून पंधरा जिल्ह्यांत राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने (‘पोकरा’) गावोगावी ग्राम कृषी संजीवनी समित्या स्थापून सूक्ष्म नियोजन केले आणि त्यासाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केलेली पाणी ताळेबंदाची पद्धत वापरली. हे मोठे पाऊल होते. प्रश्न एवढाच की समितीपुढे ताळेबंद आला तेव्हा चर्चा तुटीवर झाली, की वैयक्तिक लाभाच्या अर्जांवर? प्रकल्पाचे अनुदान व्यक्तीला मिळते, तूट मात्र साऱ्या गावाची असते. या दोहोंची सांगड घालणे समितीच्या अध्यक्षावर सोडून चालत नाही. अटल भूजल योजनेतही गावाने जलसुरक्षा आराखडा करणे अपेक्षित होते. महाराष्ट्र त्या सात राज्यांत होते, छत्तीसगड नव्हते.

जिथे पाऊस पुरेसा आहे तिथे

चारशे मिलिमीटरच्या गावात पाण्याचा हिशेब लोकांना पटवावा लागत नाही. शिवनाथच्या खोऱ्यात आणि त्याला लागून पश्चिमेकडच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या झाडीपट्टीत पाऊस हजार मिलिमीटरच्या वर पडतो, तेथे ‘आम्हाला कसली टंचाई’ असा सूर असतो. पण धानाच्या मुलखाचे दुखणे निराळे आहे. ब्यासीसाठी किंवा रोवणीसाठी बांधीत पाणी साचायला हवे तेव्हा जुलैत खंड पडतो, लोंबी निसवते तेव्हा सप्टेंबरअखेर पाऊस पाठ फिरवतो, आणि धान निघाल्यावर शिवार सहा महिने रिकामे राहते.

या रिकाम्या काळासाठी दोन्ही प्रदेशांत एक जुना उपाय आहे : उतेरा. धान कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, बांधीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळी किंवा जवसाचे बी फेकायचे. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही. छत्तीसगडमध्ये लाखोळीला तिवडा म्हणतात. तेथील ‘कन्हार’ आणि ‘डोरसा’ या ओल धरून ठेवणाऱ्या जमिनींना हे पीक मानवते. ‘भाठा’ या मुरमाड जमिनीत त्याचा उपयोग नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘महातिवडा’ हा अपायकारक घटक कमी असलेला वाणही दिला आहे. शास्त्र आहे, बियाणे आहे, ओलही आहे. तरी क्षेत्र आक्रसत गेले. त्याचे एक कारण कापणी यंत्र. त्याच्या चाकांखाली कोवळी रोपे दबतात. दुसरे कारण मोकाट जनावरे.

आणि हे दुसरे कारण कोणताही शेतकरी एकट्याने दूर करू शकत नाही. धान निघाले की गावची गुरे शिवारात सुटतात. अशा वेळी एकट्याने उतेरा पेरला तर साऱ्या गावाची जनावरे त्याच्याच बांधीत उतरतात. शंभर जणांनी पेरला तर राखण सर्वांची होते. म्हणजे येथे अनुकूलनाचे तंत्र फुकट आहे, आणि अडचण आहे ती फक्त संमतीची. छत्तीसगडमध्ये या संमतीला नाव आहे : ‘रोका-छेका’. खरिपाच्या पेरणीच्या सुमारास गावाने एकत्र बसून गुरे बांधण्याचा, गुराखी नेमण्याचा आणि त्याचा मोबदला ठरविण्याचा हा रिवाज. जून २०२० मध्ये राज्य शासनाने गावोगावी तो नव्याने करण्याचे आवाहन केले. त्याआधी २०१९ पासून ‘नरवा, गरवा, घुरवा, बारी’ (ओढा, गोधन, उकिरडा-खत, परसबाग) या कार्यक्रमात गोठाणे उभी राहिली होती. २०२० च्या हरेलीपासून दोन रुपये किलोने शेण खरेदी सुरू झाली. जनावर बांधून ठेवणाऱ्याला, मग तो भूमिहीन असला तरी, रोजचे चार पैसे मिळू लागले. चराईबंदीचा भार कोणावर, या प्रश्नाला ते व्यवहारी उत्तर होते. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलले आणि योजनेचा जोर ओसरला. जेथे गुरे केवळ शेणाच्या दरामुळे बांधली जात होती तेथे ती पुन्हा सुटणे स्वाभाविक होते. जेथे गुराख्याचा मोबदला गाव स्वतः धान्यात देत होते, तेथे रिवाज योजनेच्या आधीही होता.

झाडीपट्टीने हा धडा यापूर्वी तलावांच्या बाबतीत घेतला आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी समाजाच्या कौशल्याने उभे राहिलेले हे तलाव खंडवृष्टीवरचा उत्तम विमा होते. गाळ काढणे, पाळ दुरुस्त करणे, पाणी कोणत्या बांधीला आधी सोडायचे हे गावात ठरे. मालगुजाराचा वरचष्मा असे, न्याय नेहमीच होत असे असेही नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. मालकासोबत गावाची जबाबदारीही हळूहळू संपली. गाळ साचला, पोटखाऱ्यात अतिक्रमणे झाली. आता यंत्राने गाळ काढण्याची कामे होतात, ती हवीतच. पण काढलेला गाळ कोणाच्या शेतात, वाढलेले पाणी कोणत्या बांधीला आणि मासेमारीसाठी तलावात किती पाणी राखायचे, हे मच्छीमार संस्था आणि धान उत्पादक एकत्र बसल्याशिवाय ठरत नाही. बहुतेक ठिकाणी ते जूनपूर्वी ठरतच नाही, आणि सप्टेंबरच्या खंडात पाळीवर भांडण होते.

उतेऱ्यासाठी गाव तयार करायचे असेल तर विस्तार कार्यकर्त्याचे वेळापत्रक पेरणीपासूनच सुरू होते. जूनच्या सभेत मध्यम मुदतीचा धान किती सलग बांध्यांत घ्यायचा हे ठरवावे लागते, कारण एकाचा धान ऑक्टोबरमध्ये निघाला आणि शेजाऱ्याचा नोव्हेंबरअखेर, तर राखण लांबते. त्याच सभेत कापणी यंत्र कोणत्या चकात आणायचे नाही ते ठरवावे. ऑगस्टमध्ये बियाण्याची बेरीज करावी. ऑक्टोबरच्या आरंभी, बी फेकण्याच्या आठवडाभर आधी, गुराख्याचे नाव, महिन्याचे धान्य, मोकाट जनावराचा दंड आणि पशुपालकांसाठी चराईला सोडलेले गट क्रमांक हे सर्व ग्रामसभेच्या कार्यवृत्तात लिहून घ्यावे. दंड ठरवताना ज्यांच्याकडे गोठा नाही अशा कुटुंबांची यादी समोर असावी. पहिल्या वर्षी सारे शिवार नको. रस्ता किंवा ओढा यांनी वेगळा पडलेला, राखायला सोपा असा एक चक पुरे. मार्चमध्ये लाखोळी निघाली की त्या चकातील उत्पन्न आणि गुराख्याला दिलेले धान्य, दोन्ही आकडे त्याच वहीत मांडावेत आणि जूनच्या सभेत तेच पान प्रथम वाचावे.